परमुलखातला प्रपंच : ‘हलू नका’ आणि आमचा पहिला कॅमेरा



आमच्या वडिलांचे एकच छायाचित्र आमच्यापाशी आहे. अकोल्यातल्या एका स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते उभे आहेत. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर समोर खिळलेली. छायाचित्रकाराने ‘हलू नका’ असे बजावले असणार, आणि वडिलांनी ती आज्ञा तंतोतंत पाळली. वास्तविक हा मनुष्य जन्मभर हलतच राहिला. दिवसा कापडगिरणीत, आणि वर्षातून एकदा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, लेझीम पथकाच्या अग्रभागी. त्यांची लेझीम पाहायला दुसऱ्या वस्तीतली माणसे येत, असे आई सांगते. ती लेझीम कशी होती, असे विचारले की मात्र तिचे शब्द संपतात. ‘ते सांगून थोडंच समजते बापा!’ एवढेच ती म्हणते.

हे आज आठवायला निमित्त घडले ते आमच्या कन्येचे. वय वर्षे बारा, येथील एका क्लबात हँडबॉल खेळते आणि गोलरक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या सामन्यांची छायाचित्रे आम्ही फोनवर टिपून अकोल्याला पाठवीत होतो. ‘पोरगी खेयते म्हणता, पण मले तं नुसता धूर दिसते,’ असा आजीचा अभिप्राय आला. तो अन्यायाचा नव्हता. प्रत्येक चित्रात गोलचौकट स्वच्छ होती, भिंतीवरच्या जाहिराती वाचता येत होत्या, आणि मधोमध आमच्या लेकीच्या जागी एक निळसर पट्टा होता.

तेव्हा घरात कॅमेऱ्याचा विषय निघाला आणि त्याबरोबर आपल्या घरांतून प्रत्येक मोठ्या खरेदीपूर्वी निघतो तो प्रश्नही निघाला : ही हौस की गरज? सातशे युरो ही आमची मर्यादा ठरली. ते पैसे उन्हाळ्यातील भारतभेटीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून काढावे लागणार होते. आम्ही दोन आठवडे घुटमळलो. शेवटी मन वळले ते एका जुन्या गोष्टीने. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी पदरचे पैसे घालून तिचे चित्रीकरण केले. तो जनसागर पुढे सरकताना आज आपल्याला पाहता येतो, हे त्यांचे ऋण. आमच्या घरगुती खरेदीची तुलना त्या कार्याशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु हलते ते टिपायला खर्च येतो आणि तो त्या त्या वेळीच करावा लागतो, एवढा बोध त्यातून आम्ही घेतला.

आता कोणता कॅमेरा घ्यावा, हे कुणाला विचारायचे? आम्ही राहतो ते गाव या बाबतीत भाग्यवान आहे. ब्राउनश्वाइग म्हटले की लोकांना सिंहाचा पुतळा आठवतो. छायाचित्रणाच्या इतिहासात मात्र हे गाव कॅमेऱ्यांचे आहे. व्हिएन्नात १७५६ साली स्थापन झालेल्या फॉइग्टलेंडर या पेढीने १८४९ मध्ये येथे कारखाना काढला. तिची ख्याती झाली होती ती १८४० साली योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने आकडेमोड करून आखलेल्या एका लेन्समुळे. त्यापूर्वी छायाचित्र काढून घेणे ही शिक्षाच होती. माणसाने कित्येक मिनिटे निश्चल बसायचे आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावायचा. पेट्झवालची लेन्स आधीच्या लेन्सपेक्षा पंधरा-वीस पट अधिक प्रकाश आत घेई. रसायनांतही त्याच सुमारास सुधारणा झाल्या, आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. ‘हलू नका’ ही आज्ञा सैल होण्यास आरंभ झाला तो असा, अधिक प्रकाश आत घेणाऱ्या काचेमुळे.

याच गावात पावल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी १९२० मध्ये आपला व्यवसाय थाटला आणि १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स हा जगप्रसिद्ध कॅमेरा बाजारात आणला. त्याला एकावर एक अशा दोन लेन्स. वरची पाहण्यासाठी, खालची चित्र घेण्यासाठी. वरच्या लेन्समागे तिरपा आरसा असल्यामुळे छायाचित्रकार खाली मान घालून काचेवर दृश्य पाही. त्यात एक अडचण होती. त्या काचेवर डावे-उजवे उलटे दिसे. खेळाडू डावीकडे धावला की प्रतिबिंब उजवीकडे धावे. बसलेल्या माणसाला त्याचे काही नाही. पण धावणाऱ्याचा पाठलाग करणाऱ्याची त्रेधा उडे.

एसएलआर कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. त्यात लेन्स एकच. तिच्यातून आलेले दृश्य आरशावरून वर जाते, लोलकातून सुलटे होऊन डोळ्यापर्यंत पोहोचते, आणि बटण दाबताच आरसा उचलला जाऊन तोच प्रकाश मागे पडतो. जे दिसते तेच, आणि ज्या क्षणी घडते त्याच क्षणी दिसते. मागे फिल्म होती तिथे आता सेन्सर आला, म्हणून तो डिजिटल एसएलआर. फॉइग्टलेंडरने १९५९ साली आपल्या बेसामॅटिक या एसएलआरसाठी झूमार ही लेन्स आणली. स्थिरचित्रणाच्या अशा कॅमेऱ्यासाठी निघालेली ती पहिली झूम लेन्स. पुढे जपानी कॅमेऱ्यांपुढे या गावाचे कारखाने टिकले नाहीत. हेल्मश्टेटर श्ट्रासेवर जुन्या वेशीच्या दोन छोट्या इमारतींत येथील छायाचित्र-संग्रहालय आहे. इकडे येणाऱ्या वाचकांनी तेथे अवश्य डोकावावे.

या इतिहासाचा आम्हाला व्यवहारात उपयोग झाला तो असा. गावातील एका दुकानात आम्ही प्रथम गेलो, तेव्हा विक्रेत्याने नवा कॅमेरा आणि सोबत दोन झूम लेन्स अशी पेटी पुढे केली. मेगापिक्सेल किती, हे त्याने तीनदा सांगितले. आम्ही जवळजवळ पैसे काढले होते. पण कन्येने विचारले, ‘यात हॉलमधला चेंडू दिसेल का?’ विक्रेत्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे पाहता आमच्याकडेही नव्हते. आम्ही घरी परतलो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब येथे देतो. तो कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला लागू पडतो.

हँडबॉलचा चेंडू ताशी साठ किलोमीटर वेगाने आला असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. शटर सेकंदाच्या साठाव्या भागापुरते उघडे राहिले, तर तेवढ्यात चेंडू अठ्ठावीस सेंटीमीटर पुढे जातो. चित्रात चेंडूऐवजी काठी उमटते. शटर हजाराव्या भागापुरते उघडले, तर तो दोन सेंटीमीटरही सरकत नाही. मुलांच्या धावण्याला पाचशेवा भाग पुरतो. फेक, उडी, झेप यांना आठशेवा ते हजारावा लागतो. आमच्या गावी फेडरल भौतिक-तांत्रिक संस्थेतील आण्विक घड्याळे साऱ्या जर्मनीची अधिकृत वेळ राखतात. सेकंदाची अशी शकले करायला याहून योग्य गाव कोणते?

परंतु शटर जितके क्षणिक, तितका आत येणारा प्रकाश थोडा. ही तूट भरून काढते ती लेन्स. लेन्सच्या छिद्राचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. पेटीतल्या झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडत होत्या. एफ/२ ला त्यापेक्षा आठपट प्रकाश मिळतो. याचा अर्थ असा की ज्या हॉलमध्ये एफ/२ ला आठशेवा भाग साधतो, तेथे एफ/५.६ ला फक्त शंभरावा साधतो, आणि शंभराव्या भागात पुन्हा आजीचा तो धूर. सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवून काही भरपाई होते. पण आठपट वाढवली की चित्रात वाळू पसरल्यासारखे दाणे येतात. लेन्समध्ये कंपनरोधक सोय असली की काम भागते, असा एक समज आढळतो. ती सोय आपल्या हाताचा कंप शोषते. समोरची मुलगी झेपावत असेल, तर तिला ती थांबवू शकत नाही.

म्हणून पहिला कॅमेरा घेणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात : आपण कोठे टिपणार, तेथे उजेड किती, आणि अंतर किती. उघड्या मैदानावर, दिवसाउजेडी, मुलांचे फुटबॉल टिपायचे असेल, तर एफ/५.६ ची साधी झूम लेन्सही उत्तम चालते. कॅननची ५५-२५० किंवा तत्सम लेन्स तेथे पुरे. उन्हात हजारावा भाग सहज मिळतो आणि खेळाडू दूर असल्यामुळे लांब पल्ल्याची लेन्सच उपयोगी पडते. बंद हॉलमध्ये सारे उलटे. हँडबॉलचे मैदान चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. गोलजवळ उभे राहू दिले, तर पल्ला थोडा लागतो आणि प्रकाश फार. तेथे ८५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्यावी. लहान सेन्सरच्या कॅननवर ती साधारण १३६ मिलिमीटरइतके जवळ आणते. तेवढेही परवडत नसेल, तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही त्याहून बरीच स्वस्त पडते. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमातील लेझीम आणि मुलांची नाटुकली यांनाही हाच न्याय लागू, कारण इकडे एप्रिलमध्ये आपण बहुधा भाड्याच्या सभागृहातच असतो.

लेन्स ठरली की मग कॅमेऱ्याचा प्रश्न. येथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हलत्या वस्तूवर सतत फोकस राखण्याची क्षमता. निकॉनच्या डी-३५०० मध्ये फोकसचे बिंदू अकरा, डी-७२०० मध्ये एक्कावन्न, डी-५०० मध्ये एकशे त्रेपन्न. कॅननच्या २०००-डी मध्ये नऊ, ८०-डी मध्ये पंचेचाळीस, ७-डी मार्क टू मध्ये पासष्ट. केवळ आकड्यांवर सारे ठरत नाही, पण स्वस्त आणि मध्यम श्रेणींतील अंतर त्यातून कळते. दुसरी गोष्ट, सेकंदाला किती चित्रे. २०००-डी तीन घेतो, ८०-डी सात, ७-डी मार्क टू आणि डी-५०० प्रत्येकी दहा. तिसरी गोष्ट आम्हालाही ठाऊक नव्हती. येथील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे हॉलमधील अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण शटर हजाराव्या भागापुरतेच उघडले की एक चित्र उजळ, दुसरे पिवळट, तिसरे काळवंडलेले निघते. दिव्यांची ही लय ओळखून तेजाच्या क्षणीच शटर उघडण्याची सोय ७-डी मार्क टू, ८०-डी, डी-५०० अशा कॅमेऱ्यांत आहे. हॉलमध्ये टिपणाऱ्याने ती आवर्जून पाहावी.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक सूचना : डी-३५०० आणि डी-५६०० यांत फोकसची मोटर नाही. कुणा परिचिताकडून जुनी लेन्स मिळत असेल, तर तिच्यात स्वतःची मोटर आहे की नाही, हे आधी तपासावे.

आता कुणी म्हणेल, काळ तर आरसाविरहित कॅमेऱ्यांचा आहे. खरे आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांचेही शेवटचे नवे डिजिटल एसएलआर २०२० साली आले. नवे आरसाविरहित कॅमेरे धावत्या माणसाचा डोळा स्वतःहून शोधतात. ज्यांची ऐपत आहे, त्यांनी ते जरूर घ्यावेत. परंतु जग पुढे गेल्यामुळे काल व्यावसायिक लोक वापरीत ती साधने आज आपल्या आवाक्यात आली आहेत, हा आपला लाभ. शिवाय एसएलआरसाठी घेतलेली कॅननची लेन्स उद्या जोडकडे लावून त्यांच्या आरसाविरहित कॅमेऱ्यावरही चालते. म्हणजे लेन्सवरचा पैसा पुढेही कामी येतो.

आम्ही अखेरीस ८०-डी हा कॅमेरा वापरलेला घेतला. ७-डी मार्क टू अधिक वेगवान होता, पण त्याचे वजन नऊशे ग्रॅमच्या वर; ८०-डी सातशे तीस ग्रॅमचा, आणि कधी कधी तो कन्येच्या हाती द्यायचा होता. कॅमेऱ्याला ३९०, ८५ मिलिमीटरच्या लेन्सला २३०, कार्ड आणि जादा बॅटरीला ५०. एकूण ६७० युरो. खासगी विक्रेत्याकडे तो आणखी स्वस्त मिळत होता. पण जर्मनीत व्यापाऱ्याला वापरलेल्या वस्तूचीही जबाबदारी घ्यावी लागते. ती तो एक वर्षापर्यंत कमी करू शकतो, पूर्णपणे झटकू शकत नाही. खासगी विक्रेता मात्र ती झटकू शकतो. व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतल्यास चौदा दिवसांत परत करण्याचाही हक्क असतो. शटर आजवर किती वेळा उघडले, हे अवश्य विचारावे. ८०-डी चे शटर एक लाख वेळांसाठी आखलेले आहे. आमचे तेवीस हजारांवर होते. निकॉनमध्ये हा आकडा चित्राच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननमध्ये बहुधा तो विक्रेत्याकडून तपासून घ्यावा लागतो.

पहिल्या सामन्याला आम्ही मोठ्या ऐटीत गेलो आणि चारशे बारा चित्रे काढली. त्यांतली नऊ बरी निघाली, आणि त्या नवांत आमची कन्या एकाच चित्रात होती, तीही पाठमोरी. कॅमेऱ्याला दोष देण्याची सोय उरली नव्हती. पुन्हा कागद-पेन्सिल घेतली. सहा मीटरच्या रेषेवरून फेकलेला चेंडू गोलपर्यंत पोहोचायला सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून किंचित अधिक वेळ लागतो. सेकंदाला सात चित्रे घेणारा कॅमेरा तेवढ्यात दोन, फार तर तीन चित्रे घेतो, आणि दोन चित्रांमध्ये चेंडू जवळजवळ अडीच मीटर पुढे गेलेला असतो. चेंडू सुटलेला पाहून बटण दाबणारा नेहमीच उशिरा पोहोचतो. फेकणाऱ्याचा खांदा मागे गेला, की बटण दाबायचे. हे आम्हाला कन्येनेच शिकवले. ‘मी चेंडू पाहत नाही, खांदा पाहते,’ असे ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही तीन सामने कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते पाहिले. चौथ्या सामन्यात सतत फोकसची पद्धत लावली, शटर आठशेव्या भागावर, छिद्र एफ/२, आयएसओ ३२००, आणि दिव्यांची ती सोय चालू. फ्लॅश अर्थातच नाही. तो गोलरक्षकाच्या डोळ्यांत जातो. दाणे दिसले, तर दिसू द्यावेत. दाणेदार पण स्पष्ट चित्र ठेवण्याजोगे असते. गुळगुळीत पण पुसट चित्राचे काहीच करता येत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही पहिल्याच दिवशी नीट केली. जर्मनीत १९०७ पासूनच्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, कुणाचेही चित्र त्याच्या संमतीवाचून प्रसृत करता येत नाही. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे लागते. आम्ही प्रशिक्षिकेला आणि दोन्ही संघांच्या पालकांना विचारले. एका कुटुंबाने नकार दिला. त्या मुलीची चित्रे आम्ही ठेवीत नाही. आपली चित्रे आपल्याला न विचारता इतरांनी काढली आणि हवी तशी वापरली, याचा अनुभव आपल्या समाजाला पुरेसा आहे. हाती कॅमेरा आल्यावर आपण तसे वागू नये.

त्या चौथ्या सामन्यातले एक चित्र आम्ही अकोल्याला पाठवले. हँडबॉलमध्ये गोलरक्षक खालचा चेंडू पायाने अडवतो. कन्येचा उजवा पाय कमरेच्याही वर उचललेला आहे, दोन्ही हात पसरलेले, आणि चेंडू पावलापासून वीतभर अंतरावर. रात्री आईचा फोन आला. तिने खेळाबद्दल काही विचारले नाही. ‘तिचा पाय पाह्य,’ ती म्हणाली. ‘तुह्ये बाबा लेझीम खेयतानी असाच पाय उचलत.’

हे चित्र आता आमच्या घरी वडिलांच्या छायाचित्राशेजारी लावले आहे. येत्या जयंतीच्या कार्यक्रमाला कॅमेरा घेऊन आम्ही सभागृहात मंचाच्या डाव्या बाजूला असू. ज्यांना खरेदीपूर्वी हाताळून पाहायचा असेल, त्यांनी निःसंकोच यावे. लेझीम सुरू होण्यापूर्वी आलात तर बरे.

जय भीम.